एकोणपन्नास आणि पन्नासच्या मधली अंडी

नातू झाला तेव्हा काटामावशी दवाखान्यात गेली, पदर खोचला, पोराला दोन्ही तळहातांवर घेतलं, जरासं वर-खाली केलं आणि म्हणाली, "दोन किलो नऊशे."

नर्स हसली. तिनं पोर काट्यावर ठेवलं. काट्यानं दोन किलो साडेनऊशे दाखवलं.

"चुकलात की हो आजी."

"पोर उचला आणि रिकामा काटा बघा," मावशी म्हणाली.

नर्सनं पोर उचललं. सुई शून्यावर यायची ती पन्नासवर येऊन हट्टी म्हशीसारखी बसली.  मावशीनं नुसतं सुनेकडं बघून एक भुवई वर केली. त्या भुवईला घरात सगळे टरकून असत.

तिचा हात तयार झाला होता तो अंड्यांच्या शेडमध्ये. शहराच्या कडेला एक लांबुळकी पत्र्याची शेड होती. एका टोकाला कोंबड्यांकडून अंडी यायची, दुसऱ्या टोकानं ट्रेमधून बाहेर पडायची, आणि बरोबर मधे, खिडकीखाली, एक उंच स्टूल. त्या स्टुलावर मावशी सत्तावीस वर्षं बसत होती. समोर तबकडीचा जुना काटा. अंडं ठेवायचं, सुई बघायची, योग्य ट्रेमध्ये सरकवायचं. एका ट्रेमध्ये तीस अंडी, दिवसाला ऐंशी ट्रे. भिंतीवर निळ्या रंगात तक्ता रंगवला होता:

लहान ४५–४९ ग्रॅम
मध्यम ५०–५४
मोठी ५५–५९
जंबो ६०–६४

त्याखालची बारकी आणि त्यावरची दोन बलकांची अंडी बाजूच्या टोपल्यांत. प्रत्येक भरलेल्या ट्रेमागे पाटीवर एक उभी रेघ, चार रेघा झाल्या की पाचवी आडवी. संध्याकाळी रेघा मोजून कागदावर लिहायचं, किती लहान, किती मध्यम. सत्तावीस वर्षांत कुणी विचारलं नाही की एकोणपन्नास संपल्यावर आणि पन्नास सुरू व्हायच्या आधी काय असतं. विचारायचं कारणच पडलं नाही.

मग नवा साहेब आला.

साहेब तरुण होता, अभ्यासू होता, आणि येताना नवा काटा घेऊन आला होता. त्यावर लाल आकडे उमटायचे, तेही पॉइंटसकट. पहिल्याच दिवशी त्यानं त्या पॉइंटवर अर्धा तास भाषण दिलं. संध्याकाळपर्यंत शेडभर त्याचं नाव पॉइंटसाहेब पडलं होतं. नाव ठेवलं होतं मावशीच्या नणंदेनं. ती तिच्या शेजारी उभी राहून ट्रे बांधायची, आणि माणसाला नाव ठेवायला तिला तेवढाच वेळ लागायचा जेवढा सुतळीला गाठ मारायला.

"मावशी," पॉइंटसाहेब म्हणाला, "आता हाताचं काम संपलं. आकडा बघायचा, तक्ता बघायचा, ठेवायचं. कुणीही करू शकेल. आठ दिवस तुम्ही बसा, मग दुसऱ्या कुणाला तरी बसवू. तुम्ही ट्रे धुवायच्या हौदावर या."

हौद म्हणजे गार पाणी, ओला कोबा आणि दिवसभर उभं राहणं. मावशीचे गुडघे जिना चढतानाच तोंड उघडायचे, हौदावर तर त्यांनी आरडाओरडाच केला असता.

"आणि तसंही," साहेब कपाटातून कामगारांचा छापील तक्ता काढत म्हणाला, "हे बघा. वयाचे गट. वीस ते चोवीस, पंचवीस ते एकोणतीस, असं करत करत शेवटचा गट पंचावन्न ते एकोणसाठ. पुढं ओळच नाही. तुम्हाला साठ पुरी झाली की तक्त्यात तुमची जागाच नाही."

"म्हणजे मी कुठं जायचं?"

"तक्त्यात नाही तर नाही. मी काय करणार?"

मावशीनं तोंड बंद ठेवलं. बाजूला नणंद सुतळी दातांनी तोडत होती, ती थांबली. वहिनी गप्प बसली म्हणजे कुणाचं तरी काही खरं नाही, हे तिला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून माहीत होतं.

"साहेब, एक विचारू? तक्ता बघायचा म्हणता, तर अडचण आली की जरा डोकं चालवू ना?"

"अजिबात नाही! तिथंच तर सगळा घोळ होतो. आपली अक्कल लावायची नाही."

"बरं," मावशी म्हणाली. "नाही लावत."

सोमवारी सकाळी जुना काटा अडगळीच्या खोलीत गेला आणि नवा टेबलावर आला. पहिलं अंडं बावन्न पॉइंट चार. मावशीनं चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि तक्ता बोट लावून वाचला. पन्नास ते चोपन्न, बावन्न त्यात येतं, मध्यम. दुसरं सत्तावन्न पॉइंट शून्य. मोठं. तिसरं अंडं ठेवलं आणि काट्यावर उमटलं: ४९.३.

"साहेब, हे कुठं?"

साहेब फोनवर होता. त्यानं हातानंच भिंत दाखवली.

मावशीनं भिंत पुन्हा बोट लावून वाचली. लहान एकोणपन्नासला संपतं. हे एकोणपन्नासच्या पुढं गेलंय. मध्यम पन्नासला सुरू होतं. हे पन्नासला पोचलेलं नाही. ना घरचं ना दारचं. तिनं एक रिकामा ट्रे ओढला, त्यात ते अंडं अगदी हळुवार ठेवलं आणि खडूनं ट्रेवर लिहिलं: बेघर.

"वहिनी," नणंद कुजबुजली, "हे तू डोळे मिटून लहानात टाकलं असतंस."

"वन्सं, अक्कल लावायची नाही म्हणून साहेबांनी सांगितलंय. तुम्हाला ऐकू आलं नाही का?"

मग चोपन्न पॉइंट सहा आलं. बेघर. एकोणसाठ पॉइंट एक. बेघर. पुन्हा एकोणपन्नास पॉइंट आठ. सरळ रस्त्यानं पाचातली चार अंडी गुमान आपापल्या घरी जायची आणि पाचवं मधल्या गल्लीत उभं राहायचं. दुपारच्या डब्यापर्यंत चाळीस ट्रे भरले, त्यातले सात बेघर. मांडणीवर लहान, मध्यम, मोठी, जंबो अशा चिठ्ठ्या लावलेल्या जागा होत्या, बेघरांना जागा नव्हती. म्हणून मावशीनं चार ट्रे साहेबाच्या टेबलावर ठेवले, दोन खिडकीच्या कट्ट्यावर, आणि उरलेला, दुसरी जागाच नव्हती म्हणून, साहेबाच्या खुर्चीवर.

साहेब डबा खाऊन, ढेकर देत आला आणि खुर्ची मागं ओढताना त्यानं वेळेवर खाली बघितलं म्हणून पँट वाचली.

"हे काय आहे?"

"दोनशे दहा अंडी, साहेब. तक्त्यात नाहीत."

"तक्त्यात नाहीत म्हणजे?"

"तक्त्यात नाही तर नाही. मी काय करणार?"

साहेबानं एकेक अंडं काट्यावर ठेवून बघितलं. एकोणपन्नास पॉइंट दोन. चोपन्न पॉइंट नऊ. मग भिंतीकडं बघितलं, मग मावशीकडं. मावशी शांतपणे चष्म्याची काच पदरानं पुसत होती.

"अहो, साधी गोष्ट आहे. एकोणपन्नासच्या जरा जरी वर गेलं की मध्यममध्ये टाका. सगळीकडं तसंच. वरच्या गटात!"

"लिहून ठेवू?"

"ठेवा!"

मावशीनं लिहून ठेवलं, तारखेसकट. दुपारी सगळी बेघर अंडी वरच्या घरी गेली आणि संध्याकाळच्या कागदावर जंबोचे अकरा ट्रे लागले. लहान फक्त आठ. त्याच कोंबड्या, तेच खाणं, पण एका दिवसात जणू तालमीत जाऊन आल्या.

मंगळवारी सकाळी बेकरीवाला दारात. त्याच्याकडं आपला जुन्या पद्धतीचा तबकडीचा काटा होता. "मध्यम म्हणून दिलेल्या ट्रेमध्ये एकोणपन्नासची अंडी निघतायत," तो म्हणाला. "सुई सरळ एकोणपन्नासवर. मी काय आंधळा आहे का? माझा केक बसला तर तुम्ही येऊन फुगवणार का?"

साहेबानं त्याची माफी मागितली, चहा पाजला, आणि तो गेल्यावर मावशीवर खेकसला. "वरच्या गटात कशाला टाकली? पन्नास पुरे झाले नाहीत तर ते मध्यम कसं? खालच्या गटात टाका!"

"पॉइंट नऊ असलं तरी?"

"पॉइंट नऊ असलं तरी!"

"लिहून ठेवू?"

साहेबानं नुसता हात झटकला. मावशीनं ते त्याचं हो धरलं आणि लिहून ठेवलं. त्या संध्याकाळी जंबोचे आठ ट्रे झाले, लहानचे अकरा. कालच्या पैलवान कोंबड्यांनी रातोरात उपास धरला.

बुधवारी मालकीणबाई आल्या. वय पंचाहत्तर, हातात काठी, आणि काठीपेक्षा नजर टोकदार. दोन्ही दिवसांचे कागद त्यांनी शेजारी शेजारी धरले.

"सोमवारी जंबो अकरा, लहान आठ. मंगळवारी जंबो आठ, लहान अकरा. आकडे उलटे लिहिलेत की कोंबड्या उलट्या टांगल्यात?"

साहेबाचा चेहरा उतरला. माणूस वाईट नव्हता, पण घाबरला की जवळचा माणूस पुढं ढकलायची त्याला खोड होती. "मॅडम, काटा नवा आहे, चुकूच शकत नाही. बसणाऱ्याचाच घोळ असणार. मावशींचं वय झालंय. मी म्हटलंच होतं, त्यांना आजपासून हौदावर..."

आजपासून! आठ दिवसांचा बोल दोन दिवसांत आटला. नणंदेनं सुतळीचा गोळा खाली टाकला.

"मावशी," मालकीणबाई म्हणाल्या, "बोला."

मावशी स्टुलावरून उतरली. तिनं खिशातून, म्हणजे कमरेच्या पिशवीतून, दोन चिठ्ठ्या काढल्या. एकीवर सोमवार, वरच्या गटात. दुसरीवर मंगळवार, खालच्या गटात. "सांगितलं तसं केलं. अक्कल लावली नाही. तेही साहेबांनीच सांगितलं होतं, लेखी हवं असेल तर त्यांना विचारा."

"आणि लावली असती तर?"

"वन्सं," मावशी म्हणाली, "आणा."

नणंद अडगळीच्या खोलीत गेली आणि जुना काटा कडेवर घेऊन आली. त्याच्यावर धूळही नव्हती. कशी असेल, दोन दिवस ती गुपचूप पुसत होती.

मावशीनं एक अंडं नव्या काट्यावर ठेवलं. ४९.३. तेच उचलून जुन्यावर ठेवलं. सुई एकोणपन्नासच्या रेघेच्या किंचित पुढं थांबली.

"बाई, तुम्ही किती म्हणाल?"

"एकोणपन्नासच."

"का? पुढं गेलीय की सुई."

"पण एकोणपन्नासच्या जवळ आहे."

"आता हे." दुसरं अंडं नव्यावर ४९.७. जुन्यावर सुई पन्नासच्या रेघेला टेकायला आलेली.

"पन्नास," मालकीणबाई म्हणाल्या.

"झालं तर. जी रेघ जवळ, तो आकडा. या सुईनं सत्तावीस वर्षं हेच केलं. तिनं एकोणपन्नास सांगितलं म्हणजे अंडं साडेअठ्ठेचाळीस ते साडेएकोणपन्नासच्या मधलं कुठलंही असेल. पंचेचाळीस सांगितलं म्हणजे साडेचव्वेचाळीसपासून पुढचं. मग लहान कुठून कुठपर्यंत? भिंतीवर लिहिलंय पंचेचाळीस ते एकोणपन्नास, पण खरं घर साडेचव्वेचाळीस ते साडेएकोणपन्नास. तिथूनच मध्यमची भिंत लागते, साडेचोपन्नपर्यंत. दोन घरांच्या मधे एका ग्रॅमची मोकळी जागा दिसते ना, ती कुणाची नाही असं नाही. अर्धी याची, अर्धी त्याची. साहेबांनी कधी सगळी याला दिली, कधी सगळी त्याला. मग घरं सरकणारच."

तिनं खडू घेतला आणि निळ्या तक्त्याशेजारी लिहिलं: ४४.५–४९.५, ४९.५–५४.५, ५४.५–५९.५, ५९.५–६४.५. आता कुठं फटच उरली नव्हती. एक घर संपतं तिथंच दुसरं सुरू.

साहेब त्या आकड्यांकडं बघत राहिला. हळूहळू त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"हे तर... वर्ग सलग करणं. खालच्या मर्यादेतून अर्धा वजा, वरच्या मर्यादेत अर्धा मिळवायचा. आम्हाला कॉलेजात होतं हे."

"मग?"

"पैकीच्या पैकी मार्क पडले होते मला."

"पेपरात अंडी नसतील," नणंद म्हणाली.

मालकीणबाईंना हसू आवरेना. त्या काठीवर रेलून म्हणाल्या, "पण मावशी, बरोबर साडेएकोणपन्नासचं निघालं तर? ते तर दोन्हीकडं लिहिलंय."

"उंबऱ्यावर पाय ठेवलेला पाहुणा कुणाचा, बाई? ज्या घरात शिरतोय त्याचा. वरच्या गटात टाकायचं. पण नेहमी तिकडंच. आज इकडं, उद्या तिकडं केलं की पाहुणाही रुसतो आणि बेकरीवालाही."

त्या दिवशी नव्या काट्यावर, खडूच्या तक्त्यावर, जंबो साडेनऊ ट्रे निघाले आणि लहानही साडेनऊ. स्टूल मावशीकडं राहिलं.

पण पॉइंटसाहेबाला हार पचली नव्हती. शिकलेल्या माणसाला नवं हत्यार मिळालं की त्याचे हात शिवशिवतात. गुरुवारी तो कामगारांचा छापील तक्ता घेऊन आला, चेहऱ्यावर अगदी साखर.

"मावशी, तुमचं वय?"

"एकोणसाठ."

"आणि वर?"

"सात महिने."

"म्हणजे एकोणसाठ पॉइंट पाच आठ." त्यानं खडूच्या तक्त्यावर बोट आपटलं. "साडेएकोणसाठच्या पुढं! तुमच्याच हिशेबानं वरच्या गटात. पंचावन्न ते एकोणसाठचा गट साडेएकोणसाठला संपला. तुम्ही एक महिन्यापूर्वीच साठच्या झालात, आणि साठची ओळ नाही!"

 लांबून एक कोंबडी ओरडली. नणंदेला वाटलं, संपलं, वहिनीनं खणलेल्या खड्ड्यात वहिनीच पडली.

मावशीनं हातातलं अंडं जागेवर ठेवलं. "साहेब, तुमचं वय किती?"

"सत्तावीस."

"आणि वर?"

साहेब घुटमळला. "अकरा महिने."

"अरे वा. मग सुईच्या हिशेबानं अठ्ठावीस. परवा फोनवर स्थळवाल्यांना सत्तावीस का सांगत होतात? मीच ऐकलं, मुलगा सत्तावीसचा, निर्व्यसनी."

नणंदेनं हसू दाबायला तोंडात सुतळीच कोंबली.

"ते... वय तसंच सांगतात. पुरं झाल्याशिवाय पुढचं म्हणत नाहीत."

"मग माझं कसं मोजाल? अंड्याचं वजन जवळचा आकडा बघून लिहितात, म्हणून अर्धा इकडं, अर्धा तिकडं. वय पुरं झाल्यावर लिहितात. एकोणसाठ लिहिलेली बाई साठाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशीपर्यंत एकोणसाठचीच. त्या गटाची भिंत साडेएकोणसाठला नाही, पुऱ्या साठला. कुठंही अर्धा चिकटवायच्या आधी विचारावं, साहेब, आकडा लिहिणाऱ्यानं तो लिहिला कसा. ते कॉलेजात नव्हतं का?"

"होतं," साहेब बारीक आवाजात म्हणाला. "तो धडा ऑप्शनला टाकला होता."

त्यानं तक्त्यात पंचावन्न ते एकोणसाठच्या ओळीत एक रेघ मारली आणि निघून गेला. पण खरं सांगायचं तर भिंत सरकली नव्हती, पाच महिने लांब होती फक्त. हे मावशीलाही कळत होतं.

त्या पाच महिन्यांत एक गंमत झाली. साहेब रोज दुपारी स्टुलाजवळ येऊन उभा राहू लागला. आधी म्हणे तपासणीला. मग एक दिवस त्यानं हात पुढं केला. मावशीनं तळहातावर अंडं ठेवलं. "सांगा."

"पन्नास?"

"अठ्ठावन्न. हात नाही, फळी आहे तुमची. पुन्हा."

तिसऱ्या महिन्यात तो दोन ग्रॅमपर्यंत आला. चौथ्या महिन्यात एके सकाळी नव्या काट्यानं पापणी न हलवता प्रत्येक अंडं दोन ग्रॅम जड दाखवलं, आणि साहेबानंच पहिलं अंडं हातात घेऊन म्हटलं, "मावशी, हा काटा खोटं बोलतोय." मावशीनं त्याच्याकडं बघितलं आणि भुवई वर केली. या वेळी ती भुवई शाबासकीची होती, पण साहेब तरी टरकलाच.

मग तो दिवस उजाडला. मावशीला साठ पुरी झाली. पॉइंट शून्य शून्य. साहेब कामावर आला तर खिडकीखालचं स्टूल रिकामं.  नणंद ट्रे बांधत होती, मान वर न करता.

"मावशी कुठं आहेत? आल्या नाहीत?"

"आल्यात की."

"कुठं?"

नणंदेनं सुतळीचं टोक त्याच्याच खोलीकडं केलं.

साहेबानं दार उघडलं. मावशी त्याच्या खुर्चीत बसली होती, पाय पुढं लांबवून, मांडीवर डबा. समोर टेबलावर कामगारांचा छापील तक्ता उघडा.

"मावशी, हे काय?"

"तक्त्यात नसलेली अंडी कुठं ठेवली होती मी? तुमच्या टेबलावर आणि खुर्चीवर. टेबलावर चढायला गुडघे नाहीत, म्हणून खुर्चीत बसले."

 साहेबानं खण उघडला, पट्टी काढली, पेन काढलं. पंचावन्न ते एकोणसाठच्या खाली, कागद संपतो तिथं, त्यानं सावकाश एक सरळ ओळ आखली. पहिल्या रकान्यात लिहिलं ६०–६४. दुसऱ्या रकान्यात एक उभी रेघ मारली. तिसऱ्यात आकडा: १.

"झालं? आता उठा, खुर्ची माझी आहे. बाहेर ऐंशी ट्रे पडलेत."

मावशी गुडघ्यांवर हात ठेवून, हाश्श करत उठली. दाराशी जाऊन थांबली आणि वळली.

"पट्टी बाहेर काढलीच आहे, तर पासष्ट ते एकोणसत्तरचीही आखून ठेवा. सारखं सारखं खण कशाला उघडायचा?"